वजनाआधी आठवडे मोजा

32व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ चार महिन्यांचं झालं, तरी वाढीच्या तक्त्यावर ते दोनच महिन्यांचं धरायचं असतं. नुसती जन्मतारीख पाहून वजनाचा ठिपका दिला, तर नीट बाळसं धरणारं मूलही कुपोषित दिसतं. मग घरात आईचं दूध पुरत नसल्याची कुजबुज सुरू होते आणि वरच्या दुधाची बाटली येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये भारतात सुमारे 30 लाख बाळं 37 आठवड्यांआधी जन्मली. हा आकडा जगात सर्वाधिक आहे.

त्यांची वाढ जोखण्याची साधनं आहेत. ‘इंटरग्रोथ-21’ या आठ देशांतल्या अभ्यासात नागपूरही होतं. त्यातून अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी वेगळे तक्ते तयार झाले. पुढे दोन वर्षांपर्यंत नेहमीचा तक्ता चालतो, मात्र वय दुरुस्त करून, म्हणजे बाळ जितके आठवडे लवकर जन्मलं तितके वजा करून.

अडतं ते नोंदीपाशी. घरभेटीला आलेल्या आशाताईच्या हाती काटा असतो, पण बाळ किती आठवड्यांचं जन्मलं हे कार्डावर नसेल तर तिने काय करावं? रुग्णालयांनी घरी सोडताना गर्भाचे आठवडे, वजन आणि डोक्याचा घेर ठळक लिहून द्यावा. अंगणवाडीच्या नोंदीतही दुरुस्त वयाचा रकाना सक्तीचा करावा.