सागवान कोणाचे?

शिडाची जुनी लाकडी नौका युरोपात विक्रीस निघाली की तिचा डेक सागवानाचा आहे, हे आवर्जून सांगितले जाते. अंगच्या तेलामुळे हे लाकूड खाऱ्या पाण्यातही टिकते, गुण खराच. पण ते येते कोठून? पुष्कळदा ब्रह्मदेशातून. २०२१ मध्ये तेथे लष्कराने सत्ता बळकावल्यावर अमेरिकेने व युरोपीय संघाने तेथील सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. श्रीमंतांची हौस हुकूमशहांची तिजोरी भरते, हे समजण्यास लष्करी उठाव व्हावा लागला!

त्याच जातीचा साग ताडोबाच्या दारातील मोहर्लीच्या रानात उभा आहे. २००६ च्या वनाधिकार कायद्याने ग्रामस्थांना मालकी दिली ती ‘गौण’ वनोपजाची, म्हणजे बांबू, तेंदू, मोह यांची. ज्याला बाजारात सोन्याचे मोल, तो साग त्यात नाही. गौणासाठीही झगडा चुकला नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती पडण्यास २०११ उजाडले. सागाचा लिलाव मात्र बल्लारपूरच्या सरकारी आगारात होतो. त्या उत्पन्नात ग्रामसभेचा वाटा मेहरबानी म्हणून नव्हे, कायद्याने ठरला पाहिजे. ही मागणी चंद्रपूर-गडचिरोलीच्या कार्यकर्त्यांनी आता लावून धरावी.