गरम प्लगची उलटतपासणी

बेडरूमच्या भिंतीपाशी वाय-फाय मान टाकतं, म्हणून तुम्ही पॉवरलाइन अडॅप्टर आणलात. घरातल्या विजेच्या वायरीतूनच नेट! आयडिया झकास. पण प्लगला हात लावला तर चटका?

चोवीस तास चालणारा हा डबा कोमट लागणारच. हात ठेववत नसेल, नेट सारखं तुटत असेल, तर मात्र स्विच बंद. गार झाला की तो दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला, उघड्यावर लावून बघा. तिथेही तितकाच तापला तर दोष अडॅप्टरचा, बदलून टाका. तिथे कोमटच राहिला तर संशयित पहिलं सॉकेट. भाड्याच्या फ्लॅटमधली ढिली सॉकेटं माहीत आहेत ना? पिन लटपटते, तिथेच उष्णता साठते. प्लास्टिक काळवंडलं असेल, जळका वास येत असेल, तर चाचणीबिचणी नको. एमसीबी पाडा, इलेक्ट्रिशियन बोलवा आणि घरमालकाला आजच फोन लावा. भाडं कसं एक तारखेला आठवतं त्यांना!

आणि हो, स्पाइक बस्टरमध्ये खुपसू नका. बरेच स्पाइक बस्टर नेटचा सिग्नलच गाळून टाकतात, वर शेजारच्या चार्जरांची ऊब. थेट भिंतीत लावा, पडद्यामागे कोंबू नका. लंडनच्या ताईने आणलेला असेल तर आधी तो ट्रॅव्हल कन्व्हर्टर हलवून बघा.