थकव्याचा खोटा पंचनामा

थकवा हा आळसाचा सख्खा भाऊ होय, असे आपल्याकडील उपदेशकांचे ठाम मत दिसते. एखादा माणूस महिनोन्‌महिने उदास, चिडखोर, सकाळी अंथरुणातून उठतानाच गळून गेलेला असा दिसू लागला, की हे गृहस्थ त्याच्या दारी येऊन पंचनामा करतात. आणि निकाल आधीच ठरलेला असतो : इच्छाशक्ती कमी पडली! २०२३ साली नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्यास ७० तास काम करावे असे सुचविले, तेव्हा कित्येक सुशिक्षित घरांतून माना डोलल्या त्या याच समजुतीने.

या निकालावर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला तासांविषयी. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्यास ५५ वा अधिक तास काम केल्यामुळे पक्षाघात व हृदयविकार यांनी २०१६ या एका वर्षात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे मृत्यू पावली. शरीरास राष्ट्रकार्याची व्याख्याने ऐकू येत नाहीत, हे उपदेशकांनी ध्यानात ठेवावे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. सारखेच तास राबणाऱ्या दोघांपैकी एक टवटवीत राहतो व दुसरा आतून पोखरला जातो, याचा उलगडा तासांनी होत नाही, आणि इच्छाशक्तीने तर मुळीच होत नाही. या झिजण्यास 'बर्नआऊट' हे नाव देऊन १९७४ साली त्याचे वर्णन करणारे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी ते पाहिले कोठे? न्यूयॉर्कातील मोफत दवाखान्यात, आपण होऊन सेवेस आलेल्या लोकांत! जे सर्वांत उत्साही, तेच आधी विझत होते. त्यांच्यापाशी इच्छाशक्ती नव्हती असे कोण म्हणेल?

मग उणे काय असते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८९ साली मांडलेला विचार येथे मार्गदर्शक ठरतो. माणसाच्या प्रेरणा दोन प्रकारच्या. एक, विचारले असता तो स्वतः सांगतो ती; दुसरी नेणिवेतील, भाषा येण्याच्याही आधीपासून सुखदुःखाच्या अनुभवांतून घडलेली. ही दुसरी म्हणजे फ्रॉइडने सांगितलेली दडपलेल्या वासनांची कोठडी नव्हे. ती केवळ अबोल असते. प्रश्न विचारून ती सापडत नाही. चित्र पाहून माणूस जी गोष्ट रचतो, तीत ती डोकावते. कोणास सिद्धीची ओढ असते, कोणास स्नेहाची, कोणास सत्तेची. आणि मुखाने सांगितलेली ओढ व नेणिवेतील ओढ यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. २०१६ साली वेरोनिका ब्रांडस्टेटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९७ जणांची पाहणी केली. तीत नेणिवेतील स्नेहप्रेरणा व कामाचे स्वरूप यांत जितकी विसंगती, तितका हा थकवा अधिक आढळला. सत्तेच्या प्रेरणेची विसंगती असता शारीरिक तक्रारी वाढलेल्या दिसल्या. एका पाहणीवर सिद्धांताचा मनोरा उभारू नये हे खरे. परंतु अनुभवही तीच साक्ष देतो. आतून साथ नसली म्हणजे प्रत्येक पाऊल स्वतःला ढकलून टाकावे लागते, आणि काम तडीस गेले तरी तृप्ती येत नाही. एकाच जुवाखालचे दोन बैल दोन दिशांना ओढू लागले, तर दोष चाबकाच्या आखूडपणात नाही, हे पालमच्या कोणत्याही शेतकऱ्यास कळते. आपल्या व्याख्यात्यांस मात्र कळत नाही.

त्याच पालमसारख्या तालुक्याच्या गावी, कापूस-सोयाबीनच्या बेभरवशाच्या उत्पन्नावर, दहावी झालेल्या मुलास लातूर वा नांदेडच्या शिकवणीस धाडतात. "मला डॉक्टरच व्हायचे आहे," असे मुलगा सांगतो, आणि तो खोटे बोलत नाही. घराने दिलेले वाक्य त्यास आपलेच वाटू लागलेले असते. त्याची नेणीव काय म्हणते, याची चौकशी कोणी करीत नाही. पुढे चाळिशीत तो थकतो, तेव्हा तेच घर त्यास कृतघ्न म्हणते!

यावर कोणी विचारील : ज्या घराचा जमाखर्च पाऊस लिहितो, त्याने प्रेरणांचे चोचले पुरवावेत काय? कर्ज व अवर्षण यांनी आलेला थकवा जो मनाच्या माथी मारील, तो लबाड होय. आणि "तुझी प्रेरणाच जुळत नाही" असे सांगून जादा तास लादणारा मालक त्याहून लबाड. परंतु ज्याच्यापाशी बियाण्याची एकच पिशवी आहे, त्यानेच जमीन पाहून पेरले पाहिजे. चुकीची पेरणी श्रीमंतास परवडते, गरिबास नव्हे.

पालमशेजारचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान. विठ्ठल त्यांच्या जात्याशी दळू लागे, ही कथा घरोघर सांगतात, आणि तीच ऐकवून सुनेस व मोलकरणीस अधिक राबवितात. केवढा हा विपर्यास! जनाबाईंस दळण इतरांनी नेमून दिले होते. विठ्ठल कोणी नेमून दिला नव्हता.

तेव्हा मुलास "तुला कोण व्हायचे आहे?" हे विचारणे आता पुरे, त्याचे उत्तर आपणच पढविलेले असते. शाबासकी देणारे कोणी नसता तो कशात रमतो, कोणत्या कामानंतर दमूनही प्रसन्न दिसतो, हे वर्षभर मुकाट्याने पाहावे. घरातील थकलेल्या वडील माणसांकडेही त्याच नजरेने पाहावे. काम बदलता येत असेल तर बदलावे. येत नसेल तर निदान त्याचे तास कमी करून मागावेत, आणि उरलेले तास ज्याचे त्यास द्यावेत. एवढे होईपर्यंत इच्छाशक्तीवरील व्याख्याने तहकूब ठेवली, तर देशाचे यत्किंचितही नुकसान होणार नाही.