कुंपणावरचे शेंगदाणे

प्रति,
मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती),
पुणे.



मी जिल्हा परिषदेच्या एका दोनशिक्षकी शाळेत 22 वर्षं शिकवते आहे. 1967 साली आपलं मंडळ स्थापन झालं. मीही आपल्याच पुस्तकांवर शिकले आणि आज तीच पुस्तकं मुलांच्या हातात देते. आमच्या गावात बऱ्याच घरांत पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं पुस्तक नसतं. त्यात छापलेलं मूल घरी मोठ्याने वाचतं आणि आजीसुद्धा ते ऐकते. म्हणूनच आपल्याकडे एक पान मागण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

पावसाळा सरत आला होता. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन मुलं मैदानात पांगली आणि घंटेला परत आली. थोड्या वेळाने चौथीतला एक मुलगा पोट धरून वाकला. ‘बाई, घशात जळजळतंय,’ म्हणाला आणि दाराशी जाऊन भडाभडा ओकला. त्याच्या मागोमाग आणखी दोघं. आमच्या सगळ्यांच्या मनात एकच आलं, खिचडी. शिजवणाऱ्या मावशींना रडू फुटलं. आम्ही डाळीचा डबा उघडला, तेलाचा वास घेतला, पाण्याची टाकी पाहिली. अर्धा तास त्यात गेला. शेवटी दुसरीतला एक चिमुरडा माझा पदर ओढून म्हणाला, ‘बाई, त्यांनी मागचे शेंगदाणे खाल्ले.’

मागचे शेंगदाणे म्हणजे कुंपणावरच्या चंद्रज्योतीच्या बिया. पुस्तकी नाव मोगली एरंड. सुपारीएवढं हिरवं फळ पिकून पिवळं होतं, मग वाळून काळपट पडतं. ते फोडलं की आत साधारण तीन काळ्या, लांबट बिया निघतात. टरफल सोललं की आतला गर पांढरा, आणि चवीला खरोखरच शेंगदाण्यासारखा. सगळी अडचण त्या चवीत आहे. बी कडू असती तर मुलांनी थुंकून टाकली असती. त्या गरात कर्सिन नावाचं प्रथिन असतं आणि तेलात फोर्बोल एस्टर. दोन-चार बियांनीही लहान मुलाला उलट्या, पोटात मुरडा, जुलाब सुरू होतात. वेळेवर सलाईन मिळालं तर बहुतेक मुलं बरी होतात, पण अंगातलं पाणी झपाट्याने जातं आणि मूल जितकं लहान तितका धोका मोठा.

एकूण सात मुलं आम्ही जीपमध्ये घातली. तिसरीतली एक मुलगी मात्र ‘मी नाही खाल्लं’ म्हणत खांबाला धरून उभी राहिली. तिला घरी पाठवणार, एवढ्यात तिचे ओठ पांढरे पडलेले दिसले. तिला उचलून जीपमध्ये बसवलं आणि वाटेतच तिला उलटी झाली. दवाखान्यात तिचा कंपास उघडला, तर पेन्सिलीच्या तुकड्यांजवळ पाच बिया ठेवलेल्या, धाकट्या भावासाठी. आठही मुलं दुसऱ्या दिवशी घरी आली. तिला जवळ घेऊन विचारलं, तेव्हा म्हणाली, ‘तुम्ही मारलं असतं.’

मी मुलांवर हात उगारत नाही. तरी त्या मुलीला मार आठवला, कारण मोठ्यांनी नको म्हटलेलं तोंडात घातलं की मार बसतो एवढंच तिला शिकवलं गेलं होतं. खाल्लं तर लगेच सांग, लपवू नकोस, हे मीही तिला कधी शिकवलं नव्हतं. माझ्या मागणीचं मूळ हेच आहे. विषारी झाड ओळखता यावं आणि खाल्लं गेलं तर न घाबरता सांगता यावं, या दोन गोष्टी पुस्तकात एकाच पानावर हव्यात.

चंद्रज्योत आमच्या कुंपणावर आली, कारण गुरं तिला तोंड लावत नाहीत आणि फांदी खोचली की ती रुजते. 2003 साली नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनासाठी हिच्या लागवडीची शिफारस केली, तेव्हापासून तर पडीक जमिनीवरही तिची रोपं लागली. मुलांशी तिची ओळख आणखी जुनी आहे. पानाचा देठ मोडून त्याच्या चिकाचे फुगे उडवणं हा आमच्याकडचा आवडता खेळ. फुगे उडवणारा हात बियांपर्यंत जाणारच. ‘विषारी झाडं दाखवली तर मुलांना नको ती उत्सुकता वाटेल,’ असं काहीजण म्हणतील. त्यांना मी एवढंच सांगेन, की या झाडांना मुलं रोज हात लावतात, फक्त त्यांतलं विष त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

धोतऱ्याची तर कुणालाच भीती वाटत नाही. महाशिवरात्रीला त्याची काटेरी फळं पिंडीवर वाहतात. गणपतीच्या 21 पत्रींत धोतऱ्याचं पान असतं, शिवाय रुईचं आणि कण्हेरीचंही. आणि पत्री आणायला आपण पोरांनाच पिटाळतो. धोतऱ्याची बी पोटात गेली की तोंडाला कोरड पडते, घोटभर पाणी गिळवत नाही. चेहरा लाल होतो, अंग तापतं, पण घामाचा थेंब नसतो. लघवी तुंबते. डोळ्यांच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या होतात की उजेड सोसत नाही. मग मूल बरळू लागतं, समोर नसलेल्या माणसांशी बोलतं, हवेतून नसलेले धागे चिमटीत धरून ओढत राहतं. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काहीतरी लागलं. लिंबू उतरवतात, देवऋषाकडे नेतात आणि दवाखान्याची वेळ टळते. ‘कोरडं तोंड, मोठ्या बाहुल्या, बरळणं: आधी दवाखाना’ हे शब्द चौथीच्या मुलाला पाठ असतील, तर त्या रात्री घरात तोच सगळ्यांत शहाणा ठरेल.

बी ओळखायलाही शिकवता येतं. मी वर्गात दोन पांढऱ्या कागदांवर दोन बिया ठेवते. मिरचीची बी फिकट पिवळी, गोलसर, गुळगुळीत. धोतऱ्याची तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराची, अंगावर बारीक खळगे असलेली. हात न लावता भिंगातून पाहायचं. एकदा पाहिलं की मुलं विसरत नाहीत. मात्र ‘पिवळा धोतरा’ हे वेगळंच काटेरी रोप आहे. त्याचं बी मोहरीसारखं दिसतं. 1998 साली दिल्लीत त्याच्या तेलाची भेसळ झालेलं मोहरीचं तेल खाऊन अंगाला सूज आली आणि 60हून अधिक माणसं दगावली. नावाच्या अशा गोंधळामुळेच चित्र हवं, आणि तेही फूल, फळ, बी, पान अशा चारही गोष्टींचं, खऱ्या रंगांत.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात लिहिते. मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं तोडताना चीक डोळ्यात उडाला, तर दुखणं फारसं जाणवत नाही, फक्त धुरकट दिसायला लागतं. दुखत नाही म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही. अशा वेळी डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचा आणि डॉक्टर गाठायचा. बिट्टीच्या, म्हणजे पिवळ्या कण्हेरीच्या फळांशी मुलं खेळतात. तिचं विष हृदयावर चालतं. उलटीनंतर मूल हसायला लागलं तरी नाडी मंदावलेली असू शकते, म्हणून ईसीजी काढल्याशिवाय घरी आणायचं नाही. लाल-काळी गुंज सोनाराने वजनाला वापरली, आठ गुंजांचा मासा धरला. अख्खी गिळली तर कठीण कवचामुळे ती बहुधा तशीच बाहेर पडते. चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली मात्र घातक, आणि तिचा त्रास उशिरा, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. कळलावीचं फूल पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळेसारखं दिसतं. घरात आणलं तर भांडणं लागतात असं आजी सांगायची. त्या समजुतीमुळे निदान ती उंबऱ्याबाहेर राहायची. आता समजूत गेली, पण तिच्या कंदात कोल्चिसिन असतं ही माहिती तिच्या जागी आलेली नाही. हा कंद खाण्यातला समजून शिजवला, तर आधी उलट्या-जुलाब होतात आणि त्यातून वाचलेल्या माणसाचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी गळतात.

काय करू नये, हेही त्या पानावर ठळक छापावं. मीठपाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकायला लावू नये. तूप, दूध, ताक पाजत बसू नये. तोंडातले कण काढून चूळ भरायला लावावी, किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेवावं, झाडाची फांदी आणि उरलेलं फळ पिशवीत घालून सोबत न्यावं, 108ला फोन करावा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. त्याचा दूरध्वनी क्रमांक आपण त्यांच्याकडून तपासून घेऊन छापावा. तो आमच्या डॉक्टरांनाही उपयोगी पडेल.

ही झाडं तोडून टाका असं मी म्हणत नाही. कडवा फुलपाखरांच्या अळ्या रुईवर वाढतात, हे मीच मुलांना दाखवते. तेच पान त्यांना दोन्ही गोष्टी शिकवू शकतं.

आणखी एक विनंती. प्रत्येक चित्राखाली एक ओळ कोरी सोडा: ‘आमच्या गावात याला … म्हणतात.’ चंद्रज्योत म्हणणारं मूल ‘मोगली एरंड’ वाचून ते आपल्या कुंपणावरचंच झाड आहे हे ओळखणार नाही. कळलावीला कुठे खड्यानाग म्हणतात. मेळघाटात, गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये आणखी वेगळे शब्द असतील. ते आपल्या संपादकांना पुण्यात बसून सापडणार नाहीत, मुलं मात्र विचारून आणतील.

आमच्या वर्गाने असे पाच तक्ते केले आहेत. त्यांच्या प्रती या पत्रासोबत पाठवते आहे. पहिल्या तक्त्यावरची कोरी ओळ कंपासात बिया ठेवणाऱ्या त्या मुलीने भरली आहे. ‘आमच्या गावात याला’ याच्या पुढे तिने आधी ‘शेंगदाणे’ लिहिलं होतं. ते खोडून तिने ‘चंद्रज्योत’ लिहिलं आहे आणि खाली आपल्या मनाने एक वाक्य जोडलं आहे, ‘मी खाल्लं होतं.’

आपली नम्र,
जिल्हा परिषद शाळेतली एक शिक्षिका