डाव मांडणाऱ्याची बिदागी

सांगलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांची लेक लग्नानंतर अमेरिकेत मिनियापोलिसला असते. दर शनिवारी तिच्या घरी पाच मित्रमैत्रिणी जमतात आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ खेळतात. गेली तीन वर्षं खेळ चालवते ती हीच. महिन्यापूर्वी तिनं जाहीर केलं, यापुढे माणशी 15 डॉलर द्यायचे. दोघी रागावल्या, एकीनं तर येणंच बंद केलं. काकू विचारतात, “खेळाचे कुठे पैसे घेतात का? परक्या देशात जोडलेली माणसं चार पैशांसाठी तोडायची?”

आधी हा खेळ काय तो सांगते, कारण पत्ते किंवा कॅरमसारखा तो नाही. पट असलाच तर नकाशापुरता. एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. ‘समोर गुहा आहे, आतून धूर येतोय, काय करता?’ असं तो विचारतो. ज्यानं त्यानं आपलं सांगायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा, आणि दान पडेल तशी गोष्ट पुढे सरकते. सांगणाऱ्याला म्हणतात डंजन मास्टर. याच जातीच्या इतर खेळांत गेममास्टर. राक्षस, राजा, खानावळीचा मालक, गावातली म्हातारी, सगळी सोंगं त्यानंच काढायची. नियमांवरून जुंपली तर पंचही तोच. बैठक तीन-चार तासांची, आणि एकेक गोष्ट महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालते. म्हणजे पाहुणे येऊन खेळतात, आणि यजमानीण आदल्या दिवसापासून राबते! हे चित्र आपल्याला काही अनोळखी नाही.

खेळ निघाला 1974 साली. गॅरी गायगॅक्स हा विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावचा गृहस्थ, विम्याच्या कचेरीतली नोकरी गेल्यावर बूट दुरुस्त करून संसार चालवणारा. त्याचा जोडीदार डेव्ह आर्नेसन मिनेसोटाचा, म्हणजे काकूंच्या लेकीच्याच राज्यातला. पहिल्या आवृत्तीच्या हजारच प्रती होत्या. खेळ चालला, पैसा आला, आणि 1979 मध्ये आर्नेसनला आपल्या मानधनासाठी कोर्टात जावं लागलं. 1981 मध्ये तडजोड झाली. ज्यांनी खेळ घडवला त्यांच्यातच ‘कुणाच्या कष्टाचे किती’ हा वाद झाला, तिथे शनिवारच्या मंडळींचं काय! आज हा खेळ हॅस्ब्रो या बड्या खेळणी कंपनीच्या मालकीचा आहे. मुख्य पुस्तकं तीन, प्रत्येकी सुमारे 50 डॉलरची. ती बहुतेक वेळा विकत घेतो तो खेळ चालवणारा. कंपनीला पैसे मिळतात, पुस्तकाच्या दुकानाला मिळतात, मागवलेल्या पिझ्झावाल्यालाही मिळतात. मधल्या एकाच माणसानं मात्र हौस म्हणून करायचं.

हिशेब करून पाहू. पाच जणांचे प्रत्येकी 15, म्हणजे 75 डॉलर. तीन तास खेळ आणि तीन तास तयारी धरली तर तासाला साडेबारा डॉलर पडले. मिनियापोलिस शहरात कायद्यानं ठरलेली किमान मजुरीच तासाला 15 डॉलरच्या वर आहे. तेव्हा लेक काही मित्रांना लुबाडत नव्हती हो! अनोळखी लोकांसाठी खेळ चालवणारे तिथे माणशी दहापासून पंचवीस डॉलरपर्यंत सर्रास घेतात. 2020 च्या टाळेबंदीत लोक घरबसल्या संगणकावरून खेळू लागले, तेव्हापासून तर हा एक रीतसर जोडधंदाच झाला आहे.

तयारीचे पैसे कुणी धरत नाही, हे माझ्याइतकं कोण जाणणार? मी एका शाळेत तासिकेवर शिकवते. वर्गात उभं राहिल्याचे पैसे मिळतात. रात्री भाकऱ्या उरकून काढलेल्या टिपणांचे आणि तपासलेल्या वह्यांचे नाहीत.

तरीसुद्धा लेकीचं सगळंच मला पटलं नाही. शेजारी ताटलीभर चकल्या पाठवणं वेगळं आणि ऑर्डरच्या चकल्या वेगळ्या. ताटलीतली चकली मऊ निघाली तर शेजारीण चकार शब्द काढत नाही. ऑर्डरची मऊ निघाली तर परत करते, आणि तो तिचा हक्क आहे. पैसे घेतले की समोरचा गिऱ्हाईक झाला. मग ‘आज माझं डोकं दुखतंय, नुसत्या गप्पा मारू’ म्हणता येणार नाही. त्यातून 2015 पासून ‘क्रिटिकल रोल’ नावाचा कार्यक्रम सुरू आहे, त्यात कसलेले आवाज-कलाकार हाच खेळ खेळतात. मॅथ्यू मर्सर 2025 पर्यंत त्यांचा मुख्य डंजन मास्टर होता. दाम मोजणारा माणूस घरच्या पोरीकडूनही तसल्याच अभिनयाची अपेक्षा करायचा! शिवाय तीन वर्षांच्या गोष्टीत त्या पाच जणांची पात्रंही वाढली आहेत, ती गोष्ट एकटीची राहिलेली नाही. निम्म्या वाटेवर जकातीचं नाकं उभारलं तर माणसं चिडणारच.

तेव्हा काकू, लेकीला असं लिहा. चालू गोष्ट शेवटापर्यंत फुकट न्यावी. मात्र फुकट म्हणजे सगळा भार एकीवर असं नव्हे. पुस्तकांना वर्गणी काढावी, खाणं ज्यानं त्यानं आणावं, बैठक आळीपाळीनं एकेकाच्या घरी व्हावी, आणि कधीतरी दुसऱ्या कुणीतरी गोष्ट सांगायला बसावं. ते एकदा करून पाहिलं की तयारी म्हणजे काय ते आपोआप कळतं. पैसे घ्यायचे ते नव्या, अनोळखी मंडळींकडून, आणि पहिल्याच दिवशी सांगून: किती, कधी, आयत्या वेळी कुणी आलं नाही तर काय. आपल्याकडे कीर्तनकारालाही बिदागी देतात आणि कीर्तनाचं मोल घेऊच नये असं मानणारे वारकरीही आहेत. दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात.

एक गोष्ट मात्र पत्रात नाही आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. लेक तिथे कुठल्या व्हिसावर आहे? नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-4 वर असेल तर कामाच्या परवान्याशिवाय तिला कमाई करता येत नाही, आणि घरात बसून खेळाचे घेतलेले पैसेही कमाईच. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचं काम ठराविक टप्प्यावर पोचलं असेल, तर 2015 पासून अशा बायकांना परवाना मागता येतो. तो हाती येईपर्यंत एक डॉलरही घेऊ नये, वकिलाला विचारावं. परवाना असला तरी अशा स्वतंत्र कामातून खर्च वजा जाता वर्षाला 400 डॉलर किंवा जास्त सुटले, तर तिथल्या सरकारला विवरण देऊन स्वयंरोजगाराचा कर भरावा लागतो. म्हणून पहिल्या बैठकीपासूनच एक वही घालावी. तारीख, किती जण आले, किती जमले, पुस्तकं-फाशांवर किती गेले, आणि पावत्या त्याच वहीत टाचून ठेवाव्यात.