लेन्स बसली म्हणजे चालली असे नव्हे

कापडाच्या गादीवर तीस वर्षे बसलेल्या माणसाने कॅमेऱ्याबद्दल लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु तिजारत कोणतीही असो, माल आपल्या कामाला जुळतो की नाही हे न पाहता पैसे मोजले की नुकसान ठरलेले. अलीकडे ही चूक आमच्याच घरात झाली, म्हणून हे चार शब्द.

आमच्या भाच्याने लग्नाचे फोटो काढण्याचा धंदा सुरू केला. थोडे भांडवल आम्ही दिले. त्याने जुना कॅमेरा एकाकडून घेतला आणि जुनी लेन्स दुसऱ्या दुकानातून. दोन्ही एकाच कंपनीची. दुकानदाराने लेन्स चढवून दाखविली, ती व्यवस्थित बसली, सौदा झाला. दुसऱ्याच दिवशी नेवासे तालुक्यात एका निकाहचे काम होते. संध्याकाळच्या उजेडात लेन्स आपोआप फोकस घेईना. हाताने फिरवून त्याने वेळ निभावली, पण निम्मे फोटो धूसर निघाले. वधूपक्षाने ठरल्या रकमेपैकी अर्धीच दिली आणि त्यात त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. भाचा एवढेच म्हणाला, "मामू, लेन्स तर बसली होती!"

त्यानंतर आम्ही जाणकारांकडे बसून हा विषय समजून घेतला. तो वाटतो तेवढा अवघड नाही. चार गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली गोष्ट माउंट, म्हणजे लेन्स ज्या खाचेत बसते ती कडी. बहुतेक कंपन्यांची कडी वेगळी असते, आणि एकाच कंपनीनेही ती बदललेली असते. निकॉनची एफ कडी 1959 ची. कॅननने 1987 मध्ये जुनी एफडी कडी सोडून ईएफ आणली. 2018 मध्ये आरसा नसलेल्या मोठ्या कॅमेऱ्यांसाठी निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ काढली. सोनीने 2006 मध्ये मिनोल्टाचा कॅमेऱ्याचा व्यवसाय घेतला, त्यामुळे मिनोल्टाच्या 1985 पासूनच्या ऑटोफोकस लेन्स सोनीच्या ए कडीवर बसतात. मात्र सोनीची 2010 ची ई कडी निराळी आहे. सिग्मा, टॅमरॉन, टोकिना यांची एकच लेन्स वेगवेगळ्या कड्यांत मिळते. तेव्हा नुसते लेन्सचे नाव विचारून भागत नाही, कोणत्या कडीची तेही विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट अंतर. कडीपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते. निकॉन एफमध्ये ते 46.5 मिलिमीटर, कॅनन ईएफमध्ये 44, सोनी ई मध्ये 18, कॅनन आरएफमध्ये 20 आणि निकॉन झेडमध्ये 16. शिवणकामात कापड जास्त असेल तर दाबून घेता येते, कमी पडले तर वाढविता येत नाही. इथेही तसेच आहे. जुन्या लेन्सला जास्त अंतर लागते. ते नव्या कॅमेऱ्यावर मध्ये अॅडाप्टर घालून भरून काढता येते. उलट, नव्या बिनआरशाच्या कॅमेऱ्याची लेन्स जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यावर चालविता येत नाही. कॅनन ईएफ लेन्स निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यावर साध्या रिंगने लावली तर दूरचे दृश्य स्पष्टच होत नाही.

तिसरी गोष्ट फोकसची मोटर. भाच्याचा घात इथे झाला. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्समध्ये मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते. डी90 आणि डी7000 मध्ये ती आहे. डी3000 व डी5000 मालिकेतल्या कॅमेऱ्यांत नाही. त्यांना एएफ-एस लेन्स लागते, कारण तिच्यात स्वतःची मोटर असते. निकॉनच्या एफटीझेड अॅडाप्टरवरही एएफ-डी लेन्स आपोआप फोकस घेत नाही.

चौथी गोष्ट आमच्या धंद्यातली, पन्हा. सेन्सर लहान असतो तसा मोठाही असतो. लहान सेन्सरसाठी केलेली लेन्स मोठ्यावर लावली तर कोपरे काळे पडतात किंवा कॅमेरा चित्र कापून घेतो. कॅननच्या ईएफ-एस लेन्स, ज्या 2003 पासून निघाल्या, त्या कॅननच्या मोठ्या सेन्सरच्या आरशाच्या कॅमेऱ्यावर बसतच नाहीत. त्यांच्या कडीवर पांढरा चौकोन असतो, ईएफवर लाल ठिपका. लहान पन्हा नेहमी तोट्याचा असतो असेही नाही. निकॉनच्या लहान सेन्सरवर 300 ची लेन्स 450 सारखी जवळ दाखविते. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीला काळवीट टिपणाऱ्यांना हा फायदाच आहे. भंडारदऱ्याला काजव्यांचे झाड टिपायला जाणाऱ्याला मात्र रुंद दृश्य हवे, त्याने उलटा हिशेब करावा.

आता प्रश्न जबाबदारीचा. काही दुकानदार म्हणतात, हे ग्राहकाने पाहायचे. आम्हाला हे मान्य नाही. कापड बाजारात गिऱ्हाइकाने न विचारता आम्ही पन्हा सांगतो, रंग जाणार असेल तर तेही सांगतो. ज्याला मालाची माहिती जास्त, त्याच्यावर सांगण्याचा भार जास्त. लेन्स विकणाऱ्याने "कोणत्या कॅमेऱ्यावर लावणार?" एवढे विचारले असते तर आमच्या भाच्याची अब्रू आणि कमाई दोन्ही वाचली असती.

कायद्यावर फार भिस्त ठेवू नये. जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरविली आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे हेही त्यातच येते. परंतु न जुळणारी लेन्स सदोष नसते. "माल खणखणीत आहे" असे दुकानदार म्हणेल आणि ते खरेही असेल. म्हणून बिलावर लिहून घ्यावे की, ही लेन्स अमुक मॉडेलच्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकससह चालते. तोंडी शब्दाला पुरावा नसतो, कागदाला असतो.

आपली पुष्कळ मुले आज या व्यवसायात उतरत आहेत. कोणी बहिणीचे दागिने गहाण ठेवून, कोणी हप्त्याने कॅमेरा घेतो. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, लेन्स घ्यायला जाताना स्वतःचा कॅमेरा बरोबर न्या, दुकानातच मंद उजेडात दहा-वीस फोटो काढा, आपोआप फोकस होतो की नाही ते पाहा आणि मगच पैसे मोजा. त्यासाठी अर्धा तास लागेल. आमच्या भाच्याने तो वाचविला आणि एका लग्नाची निम्मी कमाई घालविली.