ऋण कोणाचे, दोष कोणाचा?

गृहकर्जाचा व्यवहार कोसळला की पहिले बोट उठते ते कर्ज काढणाऱ्याकडे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे यांना कळू नये काय, असा प्रश्न विचारला जातो आणि तो विचारणाऱ्यांचे स्वतःचे अंथरूण बहुधा ऐसपैस असते. हप्ता थकवणारा डोळ्यांसमोर असतो. त्याचे नाव, पत्ता आणि सही कागदावर असते. म्हणून त्याला दोषी ठरवणे सोपे जाते. त्या कागदाच्या पाठीमागे कोण उभे होते, हे पाहण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते.

अमेरिकेतही हेच घडले. सप्टेंबर २००८ मध्ये फॅनी मे व फ्रेडी मॅक या गृहकर्ज क्षेत्रातील महाकाय संस्था सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या आणि १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळे जाहीर केले. गरीब वस्त्यांतही कर्जे द्यावीत असे बँकांना सांगणारा १९७७ चा कायदा हेच या अनर्थाचे मूळ, असे तेथील एका मोठ्या वर्गाने छातीठोकपणे सांगितले. चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला. चढ्या व्याजाच्या कर्जांपैकी जेमतेम ६ टक्के कर्जांचा त्या कायद्याशी संबंध होता, असे त्यात आढळले. कर्जांच्या संख्येवर दलाली कमावणारे मध्यस्थ, ती कर्जे एकत्र बांधून पुढे विकणाऱ्या बँका, त्या गाठोड्यांवर सर्वोत्तम असा शिक्का मारणाऱ्या पतमापन संस्था आणि हे सारे पाहत बसलेले नियामक, या साऱ्यांवर आयोगाने ठपका ठेवला. दहापैकी चार सदस्यांनी वेगळे मत नोंदवले, पण संकट टाळता आले असते, हा बहुमताचा निष्कर्ष अधोरेखित करण्याजोगा आहे.

त्या वादळात भारत तगला. आपली बचतीची सवय हे त्याचे एक कारण होतेच, परंतु दुसरेही होते. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर डॉ. य. वे. रेड्डी यांच्या काळात, डिसेंबर २००४ मध्ये, गृहकर्जांवरील जोखीमभार ५० टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर नेण्यात आला होता. म्हणजे बँकांना अशा कर्जांमागे अधिक भांडवल बाजूला ठेवणे भाग पडले. ज्याच्या हाती अधिकार होता, त्याने वेळीच डोळे उघडे ठेवले. पुढच्या दशकात नेमका याच गोष्टीचा विसर पडला आणि त्याची झळ मुंबईच्या उत्तरेकडील पट्ट्याला लागली.

तारापूरची औद्योगिक वसाहत आणि अणुऊर्जा केंद्र यांमुळे बोईसर परिसरात देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आली. पाम, कुंभवली, सालवड यांसारखी गावे पाहता पाहता कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांनी भरली. २००९ मध्ये बेटेगाव येथे टाटा हाऊसिंगने चार लाखांच्या आतली घरे जाहीर केली, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. २०१३ मध्ये उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धावू लागली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. मुंबईत ज्याला स्वयंपाकघराएवढी जागा परवडत नव्हती, त्या कारकुनाला आणि यंत्रचालकाला हक्काच्या घराची आशा वाटू लागली. ही आशा लोभाची नव्हती. भाड्याच्या खोलीतून मुलाबाळांना बाहेर काढण्याची ती धडपड होती.

याच पट्ट्यात, वसई-विरारपासून पालघरपर्यंत, एचडीआयएल या कंपनीचे गृहप्रकल्प पसरले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढच्याच महिन्यात, २३ सप्टेंबरला, रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध लादले आणि खातेदाराला सुरुवातीला स्वतःच्या खात्यातून अवघे एक हजार रुपये काढण्याची मुभा उरली. बँकेने दिलेल्या सुमारे ८,८८० कोटींच्या कर्जांपैकी ७३ टक्के कर्जे एकट्या एचडीआयएल समूहाकडे होती आणि ती दडवण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवल्याचा आरोप गुन्ह्यात नोंदवला गेला.

त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेची डीएचएफएल ही कंपनी अल्प उत्पन्न गटाला घरासाठी कर्ज देण्याच्या उद्देशाने १९८४ मध्ये स्थापन झाली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचे संचालक मंडळ बरखास्त केले. सीबीआयच्या म्हणण्यानुसार, वांद्रे येथे अस्तित्वातच नसलेली एक शाखा कागदोपत्री दाखवून २ लाख ६० हजार बनावट गृहकर्ज खाती उघडली गेली. त्यांची रक्कम १४,०४६ कोटी रुपये. त्यांतील अनेक नावे पूर्वी कर्ज घेऊन ते प्रामाणिकपणे फेडून मोकळे झालेल्या कर्जदारांची होती. खटल्यांचा अंतिम निकाल न्यायालये देतीलच. पण हा आरोप क्षणभर नजरेसमोर आणावा. पोटाला चिमटा घेऊन ज्याने पै न् पै फेडली, त्याचेच नाव पुन्हा कागदावर आणून त्याच्या आडून कोट्यवधी रुपये वळवले जावेत, यापरती विटंबना कोणती?

मग पाहणारे कोठे होते? पतमापन संस्थांनी डीएचएफएलला २०१९ च्या आरंभापर्यंत सर्वोच्च दर्जा दिला होता. त्याच वर्षी जूनमध्ये तो थेट तळाला गेला. कंपनीच्या शाखांचे लेखे तपासणाऱ्यांवर राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने दंडात्मक कारवाई केली, पण ती २०२३ मध्ये. गृहवित्त कंपन्यांचे नियमन ऑगस्ट २०१९ पर्यंत राष्ट्रीय आवास बँकेकडे होते. रिझर्व्ह बँकेकडे ते सोपवले गेले तेव्हा घोडे गंगेत न्हाऊन गेले होते. आरोपांचा कालखंड २००७ ते २०१९ असा आहे. या बारा वर्षांत केंद्रात आणि राज्यात दोन्ही बाजूंची सरकारे येऊन गेली. तेव्हा हा दोष एका पक्षाच्या गळ्यात बांधून कोणालाही हात झटकता येणार नाहीत.

आता दुसरी बाजू पाहावी. सामान्य कर्जदाराचा हप्ता नव्वद दिवस थकला की त्याचे खाते अनुत्पादित ठरते. २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये साठ दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात न जाता, कर्ज देणाऱ्या संस्थेला त्याच्या घराचा ताबा घेण्याच्या मार्गाला लागता येते. त्याच्यासाठी हिशेब दिवसांत होतो, बड्या थकबाकीदारासाठी वर्षांत. एचडीआयएलची थकलेली खाती २००८ पासून दडवली जात होती, असे त्या सहकारी बँकेच्या तत्कालीन व्यवस्थापकीय संचालकांनीच रिझर्व्ह बँकेला लिहिले होते. एकाच देशात ऋणाचे हे दोन धर्म कसे चालतात?

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतील यादवीमुळे वधारलेला कापूस १८६५ नंतर गडगडला आणि दख्खनच्या शेतकऱ्याच्या गळ्याभोवती कर्जाचा फास आवळला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उठाव झाला. लोकांनी रक्तपात टाळला, जाळली ती कर्जरोखे आणि गहाणखते. कारण अन्याय कागदात दडला होता. न्यायालये कुळाच्या गैरहजेरीत केवळ कागद पाहून हुकूमनामे देत होती. परक्या सरकारलाही अखेर १८७९ चा कायदा करून, रोख्यामागचा खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांना द्यावा लागला. दीडशे वर्षांपूर्वीचा हा धडा आजही तितकाच खरा आहे. कागदाच्या मागे पाहण्याची शक्ती ज्याच्याकडे अधिक, त्याचा दोषही अधिक.

याचा अर्थ कर्जदार सर्वस्वी निर्दोष आहे असा नाही. खोटा वेतनदाखला जोडणे, वाढवण बंदर आणि बुलेट ट्रेन यांच्या नावाने भाव चढतील म्हणून ऐपत नसताना दुसरी सदनिका घेणे, याला कोणी भोळेपणा म्हणणार नाही. पण साताबारा, बिनशेती परवाना, आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर महसूल कायद्याच्या कलम ३६ व ३६ अ यांनी घातलेली बंधने, भोगवटा प्रमाणपत्र ही सारी कागदपत्रे पारखण्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थांकडे वकील असतात आणि त्याचे शुल्क कर्जदाराकडूनच वसूल होते. तज्ज्ञाने डोळेझाक केली, तर अडाण्याने काय करावे? नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत आरक्षित भूखंडावर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ मध्ये पाडल्या गेल्या. छप्पर गेले ते राहणाऱ्यांचे.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. सदोष प्रकल्पाला कर्ज मंजूर करणाऱ्या संस्थेने नुकसानीचा वाटा उचलावा. बनावट खात्यांवर शिक्का मारणाऱ्या लेखापरीक्षकाचे आणि पतमापकाचे उत्तरदायित्व वेळेत ठरावे. बड्या थकबाकीदाराला नव्वद दिवसांचा नियम तितक्याच कठोरपणे लागू व्हावा.

समाजानेही केवळ सरकारकडे पाहत बसू नये. ग्राहक चळवळीची थोर परंपरा या महाराष्ट्रात आहे. प्रत्येक नगरात, प्रत्येक वस्तीत कायदा आणि हिशेब जाणणारे चार कार्यकर्ते आठवड्यातून एक संध्याकाळ बसले, घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाची कागदपत्रे त्यांनी तपासून दिली, महारेराच्या नोंदणीची खातरजमा करून दिली, तर कितीतरी संसार उद्ध्वस्त होण्यापासून वाचतील. ऋण फेडणे हा आपल्या परंपरेत धर्म मानला गेला. तो धर्म सामान्य माणूस आजही पाळतो आहे. त्याच्या प्रामाणिकपणाचे ऋण व्यवस्था केव्हा फेडणार, हाच खरा प्रश्न आहे.